अवकाशयानं आणि गुरुत्वाकर्षणाची परीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या एका गच्चीवर दर अमावास्येच्या आसपास आम्ही दहा-पंधरा जण जमतो. दुर्बीण असते, चहा असतो. पावसाळ्यात आकाश दिसत नाही, तेव्हा प्रश्नोत्तरं रंगतात. मी बरीच वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून गुरुत्वाकर्षणाचे प्रश्न बहुतेक माझ्याकडे येतात. तेच तेच पुन्हा विचारले जातात, नवीन माणसं येत राहतात, म्हणून एकदा लिहून काढले. जिथे मला जास्त सांगावंसं वाटलं तिथे उत्तर लांबलं आहे.

आइन्स्टाइनचा सिद्धांत बरोबर ठरलाय ना? मग पर्याय कशाला शोधायचे?

आजवरच्या प्रत्येक कसोटीला तो उतरला आहे, हे खरं. तरी दोन गोष्टी सलतात. एक म्हणजे पुंजवादाशी, म्हणजे अणूंच्या जगाच्या नियमांशी, त्याचा अजून मेळ बसलेला नाही. दुसरी म्हणजे दीर्घिकांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फार वेगाने फिरतात. त्यासाठी न दिसणारं कृष्णद्रव्य मानावं लागतं, आणि विश्वाचं प्रसरण वेग घेतंय म्हणून कृष्णऊर्जाही मानावी लागते. काही शास्त्रज्ञ विचारतात, नवीन द्रव्य मानण्याऐवजी नियमच थोडा बदलला तर?

हा पेच जुना आहे. युरेनस आपल्या गणितातल्या वाटेवरून सरकलेला दिसला, तेव्हा फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी एक न दिसलेला ग्रह कल्पिला, आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. त्याच ल व्हेरिएंना १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतही फरक आढळला. त्यांनी पुन्हा तोच उपाय केला आणि सूर्याजवळ ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह कल्पिला. तो कधीच सापडला नाही. शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या सिद्धांताने सुटला. म्हणजे एकाच माणसाने, एकाच पद्धतीने सोडवायला घेतलेली दोन कोडी. एकात वस्तू राहून गेली होती, दुसऱ्यात नियम अपुरा होता. कोणतं कोडं कुठल्या जातीचं, हे आधी कळत नाही. तिसरी जातही असते, ती खाली पायोनियरच्या प्रश्नात येईल.

ही परीक्षा सूर्यमालेत का? प्रयोगशाळेत का नाही?

प्रयोगशाळेतही होते. पण टेबलावर मावणाऱ्या वस्तूंचं गुरुत्वाकर्षण फारच क्षीण असतं. सूर्यमालेत मोठी वस्तुमानं आहेत, अंतरं प्रचंड आहेत आणि मधे हवेचा अडथळा नाही. तरीही सूर्याच्या अगदी कडेला अवकाश-कालाची वक्रता जेमतेम दहा लाखांत दोन भागांएवढी भरते. इतकं बारीक मोजता येतं ते घड्याळं आणि रेडिओ लहरी फार अचूक झाल्या म्हणून.

यानात गुरुत्वाकर्षण मोजायचं काही यंत्र असतं का?

बहुतेक वेळा नसतं. यान हीच मोजपट्टी असते. पृथ्वीवरून रेडिओ लहर सोडायची, यानाने ती पकडून परत पाठवायची, आणि दोन गोष्टी मोजायच्या: जाऊन यायला किती वेळ लागला, आणि परत आलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली. पहिल्यातून अंतर कळतं, दुसऱ्यातून वेग. शिवाजीनगर स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो, तोच हा डॉप्लर परिणाम. फक्त इथे सेकंदाला मिलिमीटरहूनही कमी फरक कोट्यवधी किलोमीटरवरून ओळखायचा असतो.

याचं एक उदाहरण आपल्या दाराशी आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश या अँटेनांनी थेट टिपला. मंगळ तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवर होता, संदेशाला यायला पावणेदहा मिनिटं लागत होती. छत्री उघडल्यावर यानाचा वेग कसा उतरला, ते जुन्नर तालुक्यात डॉप्लर सरकण्यातून दिसत होतं. मंगळाला टेकायच्या थोडं आधी संदेश थांबला, यान आदळलं. तो प्रयोग गुरुत्वाकर्षणाचा नव्हता, पण हत्यार तेच. खोडदच्या रस्त्याने जाते तेव्हा मला दर वेळी ते आठवतं.

आणखी एक दुवा. जीएमआरटीवरून पल्सारांचे, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके मोजणाऱ्यांना सूर्यमालेचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे, हे माहीत असावं लागतं. गुरूची कक्षा थोडी चुकीची धरली, तर गुरुत्वीय लहरींचा भास होऊ शकतो. गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जुनो’ यानाच्या रेडिओ मोजमापांनी ती कक्षा सुधारली.

गॅमा आणि बीटा म्हणजे काय?

पर्यायी सिद्धांत इतके आहेत की प्रत्येकासाठी वेगळा प्रयोग करणं अशक्य. म्हणून सगळ्यांना लागू पडेल अशी एक सामाईक वही केली आहे, तिच्यात दहा आकडे असतात. गॅमा सांगतो, वस्तुमानामुळे अवकाश किती वाकतं. बीटा सांगतो, दोन वस्तूंची गुरुत्वाकर्षणं एकत्र आली की नुसती बेरीज होते की त्याहून काही वेगळं. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात दोन्ही बरोबर १ असतात आणि बाकीचे आठ शून्य. यान मोजतं ते हे आकडे. ज्याचा सिद्धांत त्यांच्याशी जुळत नाही, तो बाद.

सर्वांत अचूक परीक्षा कोणती झाली?

गॅमापुरतं बोलायचं तर कॅसिनीची. तिची कल्पना १९६४ ची. आयर्विन शापिरो यांनी दाखवलं की सूर्याला घासून जाणाऱ्या रेडिओ लहरीला थोडा उशीर व्हायला हवा, कारण सूर्याजवळचा अवकाश-काल वाकलेला आहे. मंगळापर्यंत जाऊन येताना हा उशीर फार तर सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अडीचशे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी तो एक हजारांश अचूकतेने मोजला.

त्यापुढे जायला अडथळा होता सूर्याचाच. सूर्याभोवतीचा तप्त प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, रेडिओ लहरींना स्वतःचा वेगळा उशीर लावतो, आणि तो क्षणाक्षणाला बदलतो. पण प्लाझ्माचा परिणाम वारंवारतेप्रमाणे कमी-जास्त होतो, गुरुत्वाकर्षणाचा होत नाही. कॅसिनीकडे दोन वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या लहरी होत्या. जून-जुलै २००२ मध्ये शनीच्या वाटेवर असलेलं हे यान सूर्याच्या जवळजवळ मागे गेलं, लहर सूर्याच्या मध्यापासून १.६ त्रिज्यांवरून गेली, आणि दोन्ही पट्ट्यांची तुलना करून प्लाझ्माचा वाटा बाजूला काढता आला. बेर्तोत्ती, येस आणि तोर्तोरा या तीन इटालियन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये निकाल दिला: गॅमा आणि १ यांतला फरक एक लाखात २.१ भाग, आणि मोजमापातली अनिश्चितता २.३ भाग. म्हणजे फरक आढळला नाही.

याचा सर्वांत मोठा फटका ब्रान्स आणि डिक यांच्या १९६१ च्या सिद्धांताला बसला. त्यात ओमेगा नावाचा एक आकडा आहे. तो जितका मोठा, तितका सिद्धांत आइन्स्टाइनच्या जवळ. सुरुवातीला तो पाच-सहाच्या आसपास असेल असं वाटत होतं. कॅसिनीनंतर तो ४०,००० हून जास्त मानावा लागतो. इतकं केल्यावर सूर्यमालेत त्या सिद्धांताचं वेगळेपण जवळजवळ उरत नाही.

पायोनियर यानांना कुणीतरी मागे खेचत होतं म्हणे. ते खरं की अफवा?

खेच खरी होती. या प्रश्नावर मी नेहमीच जास्त बोलते.

पायोनियर १० मार्च १९७२ मध्ये सुटलं, पायोनियर ११ त्याच्या पुढच्या वर्षी. गुरू, शनी ओलांडून दोन्ही यानं सूर्यमालेच्या बाहेर निघाली. सूर्य, ग्रह, सूर्यप्रकाशाचा दाब, सगळं गणितात धरूनही यानं हिशेबापेक्षा किंचित मागे पडत होती. १९९८ मध्ये जॉन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. सूर्याच्या दिशेने एक जादा त्वरण होतं, पृथ्वीवरच्या गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे एक हजार कोटीव्या भागाएवढं. ऐकायला नगण्य, पण साचत गेलं की एका वर्षात यान सुमारे ४०० किलोमीटर चुकतं.

मी तेव्हा तरुण होते. वर्तमानपत्रांतली कात्रणं जपून ठेवत असे. नवा नियम आपल्या डोळ्यांदेखत सापडतोय, असं मनापासून वाटायचं. शेकडो शोधनिबंध आले, प्रत्येकात गुरुत्वाकर्षण वेगळ्या तऱ्हेने वाकवलेलं. पण एक आक्षेप पहिल्यापासून होता: ही खेच गुरुत्वाकर्षणाची असेल तर ती ग्रहांनाही जाणवायला हवी. युरेनस, नेपच्यून यांच्या कक्षांत तसं काही दिसत नव्हतं.

मग काही जणांनी जे केलं, त्याबद्दल मला आजही अपार आदर वाटतो. त्यांनी नवा सिद्धांत मांडला नाही. त्यांनी जुन्या चुंबकीय फिती शोधल्या, कालबाह्य झालेल्या स्वरूपातली माहिती वाचण्याजोगी केली, यानाचे जुने आराखडे मिळवले आणि यानाच्या प्रत्येक भागाचं तापमान कसं बदलत गेलं, याचं प्रारूप बांधलं. पायोनियरवर प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारे वीजजनक होते. सुरुवातीला त्यांची उष्णता सुमारे अडीच हजार वॅट. उष्णता बाहेर पडते तेव्हा यानाला उलट दिशेने अतिशय हलका धक्का देते. सगळीकडे सारखी पडली तर धक्के एकमेकांना खोडतात. पण यानाची मोठी तबकडी पृथ्वीकडे, म्हणजे जवळजवळ सूर्याकडे, तोंड करून होती आणि गरम होणारे कप्पे तिच्या पाठीमागे. म्हणून सूर्यापासून लांबच्या दिशेने थोडी जास्त उष्णता जायची, आणि यान सूर्याकडे ढकललं जायचं. हिशेब तुम्हीही करू शकता. साधारण अडीचशे किलोच्या यानाला ती खेच द्यायला एका दिशेला फक्त ६५ वॅट जास्त पुरतात. एका जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता.

दुसरी खूण काळाची. प्लुटोनियम हळूहळू विझत जातं, ८७.७ वर्षांत निम्मं उरतं. खेच उष्णतेची असेल तर तीही कमी होत जायला हवी. जास्त वर्षांची माहिती हाती आल्यावर ती तशी कमी होताना दिसली. २०१२ मध्ये तुरिशेव्ह आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं, आणि खेच समजावायला उष्णता पुरेशी ठरली.

बातमी वाचून मला आधी वाईट वाटलं होतं. नंतर उलट झालं. मी वर म्हटलं ती कोड्याची तिसरी जात हीच. वस्तू राहून गेलेली नसते, नियमही चुकलेला नसतो, आपल्या यानाचाच हिशेब अपुरा असतो.

मग व्हॉयेजर यानांनी तीच खेच का तपासली नाही?

पायोनियर भोवऱ्यासारखं स्वतःभोवती फिरत स्थिर राहायचं, त्याला क्वचितच धक्का द्यावा लागे. व्हॉयेजर आपली दिशा धरून ठेवायला छोटी इंजिनं वारंवार चालवतं. त्या धक्क्यांच्या गदारोळात इतकी बारीक खेच हरवून जाते.

पृथ्वीजवळून जाताना यानांचा वेग आपोआप वाढतो, हे सुटलं का?

पूर्ण नाही. डिसेंबर १९९० मध्ये गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं तेव्हा वेग सेकंदाला सुमारे ४ मिलिमीटर जास्त आढळला. जानेवारी १९९८ मध्ये नियर यानाचा १३ मिलिमीटरहून जास्त. २००५ मध्ये रोझेटाचा सुमारे २. पण रोझेटाच २००७ आणि २००९ मध्ये पुन्हा आलं तेव्हा काही दिसलं नाही, २०१३ मध्ये जुनोलाही नाही. निसर्गाचा नियम कधी लागू आणि कधी गैरहजर असा वागत नाही, त्यामुळे माझा कल हिशेबातल्या त्रुटीकडे आहे. ती त्रुटी कुठे आहे हे मात्र अजून कुणी बोट ठेवून दाखवलेलं नाही.

नारळीकरांच्या सिद्धांताचं काय झालं?

पुण्यात हा प्रश्न येणारच, आणि तो आपुलकीने येतो. जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉइल यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला. वस्तूचं वस्तुमान हा तिचा एकटीचा गुण नाही, विश्वातल्या बाकी सगळ्या द्रव्याशी असलेल्या नात्यातून ते येतं, हा त्यामागचा विचार. त्याच्या पुढच्या काही रूपांमधून असं निघत होतं की गुरुत्वस्थिरांक, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ताकद ठरवणारा आकडा, खरा स्थिर नाही, विश्वाच्या वयाबरोबर तो कमी होत जातो. डिराक यांनीही १९३७ मध्ये वेगळ्या वाटेने हेच सुचवलं होतं. अशा कल्पनांमधून निघणारी घट साधारण वर्षाला दहा हजार कोटींत काही भाग.

हे मोजता येतं. स्थिरांक घटला तर ग्रहांच्या कक्षा हळूहळू सैलावतील. मंगळावरच्या व्हायकिंग यानांची अंतरं वर्षानुवर्षं मोजून १९८३ पर्यंतच अशा घटीला फारशी जागा उरली नव्हती. पुढे चंद्राच्या लेझर मोजमापांनी मर्यादा आणखी आवळली: घट असलीच तर वर्षाला दहा लाख कोटींत एक-दोन भागांच्या पलीकडे नाही. म्हणजे ती रूपं टिकली नाहीत.

काहींना हे ऐकून नारळीकर ‘हरले’ असं वाटतं. मला तसं वाटत नाही. आकड्यात तपासता येईल असं काही सांगणारा सिद्धांत मांडायला धैर्य लागतं. १९८८ मध्ये त्यांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आज पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि व्यापक सापेक्षतेवर, म्हणजे आइन्स्टाइनच्याच सिद्धांतावर, तिथे जगात नाव घेतलं जाईल असं काम होतं. सर २० मे २०२५ रोजी गेले. आमच्या गच्चीवर येणाऱ्या निम्म्या लोकांना आकाशाची गोडी त्यांच्या मराठी लेखनातून लागली आहे.

चंद्रावर लेझर मारून नेमकं काय कळतं? विक्रमवर पण आरसा आहे ना?

अपोलो ११, १४, १५ च्या अंतराळवीरांनी आणि दोन रशियन लुनोखोद गाड्यांनी चंद्रावर परावर्तक ठेवले. १९६९ पासून पृथ्वीवरून लेझर सोडून अंतर मोजलं जातं, आता मिलिमीटरच्या घरात. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय हे त्यातूनच कळलं. पण माझ्या मते त्यातली सर्वांत सुंदर परीक्षा नॉर्डवेट यांची. पृथ्वीला एकत्र बांधून ठेवणारी जी गुरुत्वीय ऊर्जा आहे, तिचंही थोडं वस्तुमान होतं. ते वस्तुमान सूर्याकडे इतर वस्तुमानासारखंच पडतं का? काही पर्यायी सिद्धांत म्हणतात, नाही. तसं असतं तर चंद्राची कक्षा सूर्याच्या रोखाने सरकलेली दिसली असती, काही सिद्धांतांनुसार तब्बल १३ मीटरपर्यंत. असं सरकणं आढळलेलं नाही.

चांद्रयान-३ च्या विक्रमवरचा परावर्तक नासाचा आहे, पण तो जेमतेम ५ सेंटिमीटरचा. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांसाठी तो आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्यावरून लेझर परतवूनही घेतला. पृथ्वीवरून करायच्या या कसोटीला तो पुरणार नाही.

दोन वेगळ्या धातू खरंच सारख्याच पडतात का?

फ्रान्सच्या मायक्रोस्कोप उपग्रहाने एप्रिल २०१६ पासून अडीच वर्षं टायटॅनियम आणि प्लॅटिनम यांचे मिश्रधातू कक्षेत अखंड ‘पाडून’ पाहिले. २०२२ च्या अंतिम निकालात दहा कोटी कोटी भागांत दोन-तीन भागांपर्यंत फरक नाही.

कृष्णद्रव्य नाकारणारा मॉन्ड सिद्धांत सूर्यमालेत तपासता येतो?

मॉर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडलेला हा विचार म्हणतो, त्वरण फारच कमी झालं की गुरुत्वाकर्षण वेगळं वागतं. ती सीमा इतकी खाली आहे की सूर्याची ओढ तिथवर उतरायला सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ७,००० पट लांब जावं लागेल. व्हॉयेजर १ अजून दोनशे पटही गेलेलं नाही.

तरी एक पळवाट आहे, आणि ती फार हुशारीची आहे. मॉन्डमध्ये बाहेरच्या दीर्घिकेची ओढ सूर्यमालेच्या आतही किंचित ताण निर्माण करते. कॅसिनी शनीभोवती तेरा वर्षं फिरलं, त्यामुळे शनीची जागा फार बारकाईने माहीत आहे. तो ताण तिथे दिसत नाही. म्हणून मॉन्डची अनेक प्रचलित रूपं अडचणीत आहेत, पण दीर्घिकांमधलं त्याचं यश पाहता तो संपला असं मी म्हणणार नाही.

नवा परिणाम सूर्यमालेत लपून बसत असेल तर?

असे सिद्धांत आहेत. एका गटाला ‘कॅमेलिऑन’ म्हणतात, सरड्याच्या नावावरून. दाट द्रव्याजवळ त्यांचं नवं बल आखूड होतं, विरळ अवकाशात लांब पोचतं. सूर्यमालेतल्या परीक्षा त्यातून सहज पार होतात, त्यामुळे त्यांच्या शोधात उलट प्रयोगशाळेतल्या निर्वात पेट्या उपयोगी पडल्या आहेत.

माझा स्वतःचा सिद्धांत आहे. कुणाला पाठवू?

महिन्यातून एकदा तरी हे विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांतली चमक मला ओळखीची आहे. पाठवण्याआधी तीन आकडे काढा: बुधासाठी शतकाला ४३ विकला, सूर्याच्या कडेला प्रकाशाचं १.७५ विकला वळण, आणि जीपीएस उपग्रहांवरच्या घड्याळांचं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जाणं. तिन्ही एकाच समीकरणातून, मधे काही न बदलता, आले तर मला जरूर दाखवा, मी चहा ठेवते. एखादा आला नाही तर तो का आला नाही, हे शोधताना खूप शिकायला मिळतं.

शाळेतल्या मुलांना हे कुठे पाहायला मिळेल?

आयुकात २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दारं सगळ्यांसाठी उघडी असतात, आणि शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं अनेक वर्षं चालत आली आहेत. मुलांना तिथला फूकोचा लंबक, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा, नक्की दाखवा.

आता पुढे कुठलं यान?

बेपीकोलंबो. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुटलं, नोव्हेंबर २०२६ मध्ये बुधाच्या कक्षेत शिरायचं त्याचं वेळापत्रक आहे. ल व्हेरिएंनी जिथे फरक शोधला, त्याच ग्रहाभोवती. कॅसिनीसारखीच दोन पट्ट्यांची रेडिओ यंत्रणा त्याच्यावर आहे, आणि गॅमा, बीटा दोन्ही आणखी बारीक मोजायचा बेत आहे. बुधाजवळ ऊन पृथ्वीच्या दहा पटींपर्यंत तीव्र, त्यामुळे प्रकाशाचा आणि उष्णतेचा धक्काही मोठा. म्हणून यानात एक त्वरणमापक बसवला आहे. गुरुत्वाकर्षण सोडून यानाला ढकलणाऱ्या बाकी सगळ्या धक्क्यांची तो सतत नोंद ठेवणार. पायोनियरच्या वेळी जे पुढे कित्येक वर्षांनी जुन्या फितींतून उकरून काढावं लागलं, ते इथे यान स्वतःच लिहून ठेवत जाईल.